मन लागलं की धावू

पोलीस भरतीची चाहूल लागली की जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडचे रस्ते पहाटेच जागे होतात. मलकापूर रस्त्याला, जामनेर रस्त्याला पोरं धावताना दिसतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. भरती आटोपली की काही दिवसांत तेच रस्ते सुने पडतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "आता मनच लागत नाही."

या उत्तरामागे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आधी मन लागतं आणि मग पाय उचलतात, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत घडतं ते उलट. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यानं नोकरी केली. त्याच्या धावण्याची खरी सुरुवात झाली २०१५ मध्ये, लष्करातल्या क्रॉस कंट्री शर्यतीतून. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, तेही त्यानं सरावानं उतरवलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं, रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. लष्करात पहाटेच्या कवायतीला 'आज मन आहे का' असं कुणी विचारत नाही. वेळ ठरलेली, सोबत ठरलेली. गोडी मागाहून लागते.

दुसरा समज २१ दिवसांचा. तीन आठवडे नेटानं केलं की सवय अंगी मुरते म्हणतात. या आकड्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा धावण्याशी संबंध नव्हता. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडवत नसेल, तर तुमच्यात काही खोट आहे असं मुळीच नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते : एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एक सकाळ बुडाली, तर दुसऱ्या दिवशी निघायचं. 'खंड पडला, आता दिवाळीनंतर बघू' हे मात्र घातक.

उन्हात घाम गाळला की चरबी झडते, हा समज तर जळगाव जिल्ह्यात धोक्याचाच. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. काट्यावर कमी दिसलेलं वजन पाणी पिताच परत येतं. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा ऊन वर यायच्या आत धावणं संपवावं. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत, थोडी थोडीच होते. धावताना कुणी बरळायला लागला, तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत घ्यावं, अंगावर गार पाणी ओतावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

जिद्द ज्याची त्याची असते, त्यात दुसरा काय करणार, असंही ऐकू येतं. आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी जिंकली. त्यांची जिद्द मोठीच. पण कुस्ती एकट्यानं खेळताच येत नाही. अंगाला झोंबायला जोडीदार लागतो. एक दिवस दांडी मारली की 'काल कुठं होतास?' असं वस्ताद विचारतो. धावणाऱ्यालाही असं विचारणारं एखादं माणूस हवं. पहाटे पाचला दार वाजवणारा मित्र महागड्या बुटांहून जास्त कामाचा.

आणि मुलींना आवडच नसते, हे तर साफ खोटं. सातारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. बोदवडच्या मुलीची अडचण आवडीची नाही. पहाटे पाचला रस्ता अंधारात असतो, ट्रक भरधाव जातात, मोकाट कुत्री असतात, आणि घरातून तिला एकटीला सोडत नाहीत. चार मैत्रिणी, सोबत एखादी काकू नाहीतर मोठा भाऊ, आणि मैदानावर दोन दिवे एवढं झालं, तर तिला मन लाव म्हणून सांगावं लागणार नाही.