साडेदहा ते पाच, सदर

पावणेदहा. रेसिडेन्सी रोडवरची शटरं वर जायला लागलेली असतात, छावणीकडून येणाऱ्या ऑटोंची घाई चाललेली असते आणि मोठमोठ्या कॉन्व्हेंटच्या बसेस मुलांना सोडून केव्हाच परतलेल्या असतात. आमची शाळा नागपूर महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. मी तिसरीला शिकवते आणि मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आमचा पट तिथवर जात नाही. प्रभार म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि कपाटभर रजिस्टरं.

आल्या आल्या पाण्याच्या टाकीत डोकावायचं, मग मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बघायची. कडी तुटली की चौथी-पाचवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून बाकावर डोकं टेकतात. तपासणीच्या तक्त्यात ‘स्वच्छतागृह आहे / नाही’ एवढाच रकाना असतो.

साडेदहा. परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका. मुलांकडून उद्देशिका वाचून घेण्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातली. २००५ मध्ये ई. झेड. खोब्रागडे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना त्यांनी ‘संविधान ओळख’ हा उपक्रम सुरू केला, पुढे तो राज्यभर गेला. पहिलीच्या पोरांची जीभ ‘सार्वभौम’वर अडखळते, पाचवीची मुलं तो शब्द मुद्दाम जोरात म्हणतात.

रांगेत उभं राहिलं की कोणाचा गणवेश आखूड झालाय ते दिसतं. वर्षाला दोन जोड मिळतात, बूट-मोजेही मिळायला लागले. २०२४-२५ मध्ये मात्र सगळ्या राज्याला एकसारखं कापड देऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं आणि अर्धं सत्र सरलं तरी कित्येक शाळांत गणवेश पोचला नव्हता. शेवटी ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. समितीला निदान मुलाची उंची तरी समोर दिसते.

अकरा. हजेरी घेतानाच दारात एक बाई मुलीला घेऊन उभी. धानाची कापणी आटोपली की बालाघाट, शिवनी, छत्तीसगडकडची कुटुंबं नागपुरात बांधकामावर येतात, तशी ही. मुलगी नऊ वर्षांची, दुसरीनंतर शाळा सुटलेली. शाळा सोडल्याचा दाखला नाही, आधार गावी राहिलं. हिंदी माध्यमाची शाळा दाखवते म्हटलं, तर बाई म्हणाली, “यहीं रख लो मॅडमजी, काम के पास है।”

दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे तिला चौथीतच बसवायचं, हे कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, तेही लिहिलं आहे. अडचण येते ती संगणकावर. शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि तिथे आधार जुळलेलंच मूल धरतात. म्हणजे ही पोर वर्गात बसेल, जेवेल, पाढे म्हणेल, पण तिला शिकवायला शिक्षक लागतो हे तिचं आधार जुळेपर्यंत कुणी मानणार नाही. मी हजेरीपटावर तिचं नाव आधी शाईने लिहिते, बाकीचं नंतर. जाताना तिला शिक्षण हमी पत्रक द्यायचं आहे, म्हणजे पुढच्या गावी सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. जाण्याआधी दोन दिवस सांगा, असं आईला बजावलं. ती हसली. ठेकेदार तिला तरी कुठे दोन दिवस आधी सांगतो!

साडेअकरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा जातं, शाळेत एकदा. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. पाचवीच्या वर्गातली बाकं सरकवून त्यांना जागा करून दिली. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, भिंतीवर डोळ्यांचा तक्ता. दात किडलेले निम्म्याहून जास्त निघतात, त्यात नवल राहिलेलं नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांना काय काय मिळतं ते बघितलं की कळतं.

माझ्या तिसरीतला एक पोरगा शेवटच्या बाकावर बसतो. हाक मारली तर दुसऱ्यांदा बघतो, श्रुतलेखनात ‘भात’चं ‘बात’ करतो, आणि बोलताना मान जराशी उजवीकडे वळवून डावा कान पुढे करतो. त्याचं नाव मी कालच वेगळं काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी उजव्या कानात दिवा धरला, कापसाची काडी फिरवली आणि काडीचं टोक मला दाखवलं. पिवळं. “किती दिवसांपासून वाहतो?” पोराने नुसते खांदे उडवले. मधल्या कानाचा हा संसर्ग कार्यक्रमाच्या यादीतलाच आजार आहे. वेळेत औषध झालं तर मिटतो, नाही तर पडद्याला भोक पडून ऐकणं कायमचं कमी होतं. संदर्भ चिठ्ठीवर मेयो रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीचं नाव पडलं.

चिठ्ठी देऊन गाडी पुढच्या शाळेला गेली. चिठ्ठी आणि मेयो यांच्यामध्ये जे काही आहे ते कुठल्याच योजनेत नाही. कोण नेणार, कोणाची मजुरी बुडणार, रांगेत कोण उभं राहणार, नळीने कान साफ करताना पोराचा हात कोण धरणार?

एक. जेवण. शहरात शाळेत चूल नसते, केंद्रीय स्वयंपाकगृहातून गाडीने डबे येतात. आज मटकीची उसळ आणि भात. झाकण उघडलं की आधी एका शिक्षकाने खायचं आणि चव रजिस्टरला सही करायची. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळलं गेलं आणि २३ मुलं दगावली, तेव्हापासून ही सही करताना माझा हात हलका राहिलेला नाही. वाढणाऱ्या ताईंचं मत नेहमीचंच, “जरासा सांबार टाकला असता वरून, तं पोट्ट्यांनी बोटं चाटली असती.” कोथिंबिरीचं मी कुणाला कळवू? तसा रकाना नाही.

१९९५ साली शालेय पोषण आहाराची ही योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. ते घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेलं अन्न आलं. आता प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं. त्या दिवशीची हजेरी बघण्यासारखी असायची. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबला, लोकसहभागातून द्या म्हणाले. आमचे ‘लोक’ म्हणजे भाजीवाल्या, ऑटोवाले आणि घरकाम करणाऱ्या बाया. त्यांच्याकडे अंड्यासाठी वर्गणी मागायला माझी जीभ उचलत नाही.

नवी मुलगी दुसऱ्यांदा भात मागायला लाजत होती. ताईंनी न विचारता वाढला.

जेवण झाल्यावर गुलाबी गोळी, लोहाची, आठवड्यातून एकदा. रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि घरी न्यायला द्यायची नाही, समोर गिळायची. जिभेखाली लपवणारे दोघं आहेत, त्यांना “आऽऽ” करायला लावते.

सव्वादोन. वाचनाचे गट. इयत्ता बाजूला ठेवून अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे असे तिसरी-चौथीचे तुकडे करायचे. निपुण भारत २०२१ मध्ये आलं, तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे, मुदत २०२६-२७. नव्या मुलीला देवनागरी वाचता येते, मराठी कळत नाही. म्हणजे शब्दांच्या गटात ती सगळ्यात पुढे आणि अर्थाच्या प्रश्नाला गप्प. तिला अक्षराच्या गटात बसवलं तर तिच्यावर अन्याय, परिच्छेदाच्या गटात बसवलं तर हसं. मी तिला दोन लहान मुलांना अक्षरं दाखवायचं काम दिलं. सध्यापुरतं.

सव्वातीन. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका आल्या. त्या कंत्राटी, त्यांच्याकडे अनेक शाळा, आमच्या वाट्याला येतात तो त्यांच्या आठवड्यातला एक तुकडा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्या सगळ्यांसाठी इथे त्या एकट्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आमच्या चौथीतल्या मुलीच्या पेन्सिलीला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पकड जमली. तिला महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, दहा महिने. आई म्हणते, पैसे येतात तवा येतात, ट्यूब आजच आली.

कानवाल्या पोराला त्यांनी पहिल्या बाकावर आणलं, फळ्याकडे तोंड करून उजव्या टोकाला, म्हणजे चांगला डावा कान वर्गाकडे आणि माझ्याकडे राहील. हे मला डोक्याने कळत होतं, बाकाचं टोक कोणतं ते त्यांनी दाखवलं.

चार. उपस्थिती भत्त्याची यादी. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी, पहिली ते चौथी, ७५ टक्के हजेरी असेल तर दिवसाला एक रुपया. योजना १९९२ ची. तेव्हाही एक रुपया, आजही एक रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त २२० होतात. त्यासाठी बँक खातं लागतं, आणि खातं उघडायला आईची एक दिवसाची मजुरी जाते. ही योजना एक तर वाढवावी, नाही तर सन्मानाने बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मत द्यायला रकाना नाही, म्हणून यादी भरते.

मोबाइल तोवर चार वेळा वाजलेला. गटावर ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आजच’ अशा चढत्या क्रमाने निरोप. मुलांच्या अपार ओळख क्रमांकांची टक्केवारी, बुटांची मापं, तक्रारपेटी लावल्याचा फोटो. फोटो पाठवला. पेटी उघडल्याचा फोटो कुणी मागत नाही, पण आम्ही ती उघडतो. आज एकच चिठ्ठी होती, पाचवीतल्या एका मुलीच्या अक्षरातली, गल्लीतल्या एका मुलाबद्दल. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीतल्या माझ्या सहकारी शिक्षिका त्या मुलीशी सुट्टीच्या आधी दहा मिनिटं एकट्या बोलल्या. उद्या आईला बोलावलं आहे. यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच. कानवाल्या पोराची आजी आली. ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात तिचं पालेभाजीचं बस्तान. चिठ्ठी दाखवली.

“कान तं मागच्या पावसाळ्यापासून वाहून राहिला ना मॅडम. लसणाचं तेल टाकलं, बसला होता.”

“आजी, दवाखान्यात न्यावं लागेल. सकाळीच जायचं.”

“सकाळी कशी जाऊ जी? कॉटन मार्केटातून माल येते. थो कोण उतरवीन?”

बरोबर होतं तिचं. पोराचा मामा ऑटो चालवतो असं निघालं. त्याला फोन लावला. गुरुवारी मेयोच्या बाजूचं भाडं घेईन, पोराला रांगेत बसवीन, पण डॉक्टरशी बोलायला कोणीतरी पाहिजे म्हणाला. विशेष शिक्षिका गुरुवारी त्याच बाजूच्या शाळेत असतात, त्या अकराला पोचतील. त्याला केसपेपर काढायला काय सांगायचं ते मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. उजवा कान, पावसाळ्यापासून वाहतो, ऐकू कमी येतं. खाली आजीसाठी लिहिलं, लसणाचं तेल बंद. ‘बंद’खाली दोन रेघा मारल्या आणि तिला वाचता येत नाही म्हणून पोराकडून ते मोठ्याने वाचून घेतलं.