गळाला लागलेला हा ‘दोऱ्यांचा मासा’ नेमका कोणता? माशांची पिल्लं ओळखताना भलेभले का फसतात?

जेट्टीवर गरी टाकून बसलेल्या माणसाच्या हाताला हिसका बसतो. दोर ओढून बघावं, तर तळहाताएवढा मासा. अंग आरशासारखं लख्ख, आकार थेट पतंगासारखा आणि पाठीवरून, पोटाखालून निघालेले लांबच लांब दोरे. काही वेळा तर हे दोरे माशाच्या अंगापेक्षा कितीतरी जास्त लांब असतात.

मग फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं पापलेटचं पिल्लू आहे. कुणी म्हणतं जाळ्याचा धागा अडकलाय. आणि एक तरी महाभाग हमखास सांगतो की हा खोल समुद्रातला मासा आहे, आता भूकंप येणार!

असं काही नसतं. हे ट्रेव्हली कुळातल्या ‘ॲलेक्टिस’ या माशाचं पिल्लू. हौशी गरवणारे ज्या ‘जीटी’साठी रात्र-रात्र जागतात, तो जायंट ट्रेव्हली आणि आपल्या ताटातला हलवा हे दोघेही याच्याच कुळातले. भारताच्या समुद्रात ॲलेक्टिसच्या दोन जाती मिळतात, ॲलेक्टिस इंडिका आणि ॲलेक्टिस सिलिॲरिस. दोन्ही मोठ्या झाल्या की मीटरभराच्या पुढे जातात.

गंमत अशी की मोठ्या माशाचा फोटो शेजारी ठेवला, तरी हे त्याचंच पिल्लू आहे यावर विश्वास बसत नाही. वाढताना पतंगासारखं उंच अंग लांबट होत जातं, अंगावरचे पुसट काळे पट्टे जातात आणि दोरेही आखूड होत जातात. हे दोरे म्हणजे पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांचे वाढलेले किरण. पाण्यात ते जेलीफिशच्या झोंबणाऱ्या तंतूंसारखे दिसतात. त्यामुळे शिकारी मासे या पिल्लांच्या वाटेला जात नसावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अंगाने मोठं झाल्यावर या सोंगाची गरज उरत नाही.

या सोंगाला फक्त व्हॉट्सॲप ग्रुप फसत नाहीत. मार्कस ब्लॉख या जर्मन मत्स्यशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये सिलिॲरिसचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यासाठी वापरलेला नमुना आपल्या शेजारच्या सुरतच्या समुद्रातला होता! ‘सिलिॲरिस’ या नावाचा रोखही त्या केसांसारख्या तंतूंकडेच आहे. पुढे जगभरातल्या अभ्यासकांनी याच माशाला वेगवेगळी नावं दिली, कारण लहान आणि मोठा मासा एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मोबाइलमधल्या ॲपने चुकीचं नाव सांगितलं तर त्याला फार बोल लावू नका.

मग ओळखायचं कसं?

रंगावर आणि दोऱ्यांवर जाऊ नका. रंग वयाबरोबर बदलतो, शिवाय मासा पाण्याबाहेर आल्यावर काही मिनिटांत फिका पडतो. दोरे गळाशी झटापट करतानाच तुटतात. वय वाढलं तरी न बदलणाऱ्या किंवा कमी बदलणाऱ्या खुणा बघायच्या.

आधी पोटाखाली बघा. आपल्या रुपेरी पापलेटला तिथे परांची जोडी नसतेच. ॲलेक्टिसला ती असते. एवढ्या एका खुणेवर ‘पापलेटचं पिल्लू’ हा वाद मिटतो. मग शेपटीकडे या. शेपटीचा देठ बारीक, शेपूट खोल दुभंगलेली आणि देठाजवळ अंगाच्या मधल्या रेषेवर टणक खवल्यांची छोटी रांग. बोट शेपटीकडून डोक्याकडे हळूच फिरवलं तर ती खरखरीत लागते. ही ट्रेव्हली कुळाची खूण. बाकीचं अंग मात्र गुळगुळीत, जणू खवलेच नाहीत, कारण ते अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात.

दोन जातींमधला फरक कपाळावर कळतो. सिलिॲरिसचं कपाळ सलग गोलाकार उतरतं. इंडिकाचं टोकदार, कोनात उतरणारं आणि डोळ्यासमोर किंचित दबलेलं. एवढ्यावरही शंका राहिली तर कल्ल्याच्या आतल्या कंगव्यासारख्या दात्या मोजतात. पहिल्या कमानीच्या खालच्या भागावर सिलिॲरिसला साधारण १२ ते १७ आणि इंडिकाला २१ ते २६. पण त्यासाठी मासा मेलेला लागतो, आणि निव्वळ नावासाठी पिल्लू मारावं असं मला तरी वाटत नाही.

पण हात लावण्याआधी थांबा

ॲलेक्टिस निरुपद्रवी आहे. पण गळाला लागणारं प्रत्येक अनोळखी पिल्लू तसं नसतं. काळपट अंगावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे दोन पांढरे-पिवळे पट्टे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि शेपूट वामेसारखी निमुळती असेल, तर तो पट्टेरी ईल कॅटफिश. शिंगाळ्याचा काटा लागलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण याचा काटा त्याहून वाईट. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन करवतीसारखे विषारी काटे असतात. पिल्लं दिसायला गोंडस, शेकड्याने गोळा होऊन फिरतात आणि लहान मुलं हमखास हात घालतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंश, तो भाग ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. दुखऱ्या भागाला गरमपणा नीट जाणवत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या हाताने आधी तपासा.

दुसरा केंड. फुगलेला केंड सगळे ओळखतात, पण न फुगलेलं छोटं पिल्लू साध्या माशासारखं दिसतं. त्याच्यातलं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात आणि पोटाखाली परच नाहीत असं दिसलं, तर तो मासा घरी न्यायचा नाही. मांजरालाही घालायचा नाही.

ओळख पटवायला चांगला फोटो पुरतो. हात ओले करून मासा धरा, पूर्ण बाजू दिसेल असा आडवा ठेवा, पर उघडलेले असू द्या आणि शेजारी एक नाणं ठेवा. नाण्याशिवाय आकार कळत नाही, आणि पिल्लांच्या बाबतीत आकार हाच अर्धा पुरावा असतो. जागा, तारीख आणि अंदाजे खोली लिहून फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, तर मासे ओळखणारे जाणकार तो तपासू शकतात. मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही आहे.

आणि फोटो झाला की सोडून द्या. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो पकडायचा नाही. म्हणजे ‘पापलेटचं पिल्लू’ म्हणून ग्रुपवर मिरवलेला मासा खरोखरच पापलेट निघाला, तर तेही अडचणीचंच. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तोंडाजवळ दोर कापून मासा पाण्यात सोडा.