पाणी खाली, तहान वर

ब्राझीलच्या मध्यावरचं सेराडो नावाचं पठार जवळपास 20 कोटी हेक्टरांचं. पाऊस चांगला, जमीन सपाट आणि खोल. तरीही 1950च्या दशकापर्यंत ते नापीकच मानलं जायचं. पेरलेलं पीक खुरटून बसायचं.

कारण होतं ॲल्युमिनियम. मातीत ते सगळीकडेच असतं, पण खनिजांत बांधलेलं. सामू पाचाच्या आसपास उतरला की ते विरघळतं आणि थेट मुळाच्या टोकाला भिडतं. काही तासांत मुळाची वाढ मंदावते. असं रोप उपटून पाहिलं की मूळ आखूड, जाड, तपकिरी दिसतं. तंतुमुळं जवळजवळ नसतातच. कॅल्शियम, मॅग्नेशियम नीट उचललं जात नाही, आणि स्फुरद तर आधीच मातीत जखडलेला. नुसतं खत टाकून भागत नाही ते यामुळेच.

अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लंग यांनी 1950च्या दशकातच चुना आणि नेमकी अन्नद्रव्यं देऊन इथे पीक घेता येतं हे दाखवलं. 1973 मध्ये एम्ब्रापा ही राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था उभी राहिली, दोन वर्षांनी सेराडोसाठी तिचं वेगळं केंद्र. पण चुना नांगरासोबत वरच्या वीतभर थरातच मिसळायचा. ऐन पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उघडीप पडली की पीक माना टाकायचं, आणि खाली हातभर खोलीवर ओल तशीच असायची! मुळं चुना न पोचलेल्या थराच्या तोंडाशी येऊन थबकलेली. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत चटका लावते ती हीच गोष्ट.

वाट सापडली जिप्सममध्ये. तो चुन्यापेक्षा सहज विरघळतो, पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो, कॅल्शियम खोलवर नेतो आणि ॲल्युमिनियमचा विखार कमी करतो. मुळं ओलीपर्यंत पोचली.

पुढे 2004 मध्ये गव्हातलं आणि 2007 मध्ये ज्वारीतलं सहनशीलतेचं जनुक हाती लागलं. ही जनुकं असलेल्या वाणांची मुळं स्वतःच सेंद्रिय आम्ल सोडून ॲल्युमिनियमला बाहेरच बांधून टाकतात. 2006चा जागतिक अन्न पुरस्कार मॅक्लंग, एम्ब्रापाचे एडसन लोबातो आणि माजी कृषिमंत्री आलिसन पाओलिनेल्ली यांना विभागून मिळाला. तो योग्यच होता.

मात्र सेराडोतली काही मूळची झाडं हेच ॲल्युमिनियम पानांत साठवूनही हिरवीगार राहतात. सोयाबीन आणि कुरणं पसरत गेली, तशी या पठारावरची निम्मी नैसर्गिक झाडी गेली आहे.