मनामाच्या एमीबाई

जनाबियात घर घेणारं मराठी कुटुंब बहुधा तीन गोष्टी बघतं: मुलांची शाळा, मोकळी हवा आणि सौदीच्या पुलाची जवळीक. बहारीनच्या वायव्येकडचं हे गाव आता बंगल्यांच्या वसाहतींनी भरून गेलंय. भारतातून पाहुणे आले की त्यांना इथल्या राजघराण्याच्या उंटांच्या फार्मवर नेऊन आणणं हा ठरलेला कार्यक्रम. आणि पोराला ताप भरला, तर शेजारच्या सारमध्ये अमेरिकन मिशन हॉस्पिटलचा दवाखाना आहेच. तिथे ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की वळून बघणारी बाई बहुतेक वेळा केरळची असते. या हॉस्पिटलच्या इतिहासात अगदी पहिल्या पानांवरही एक सिस्टर आहे. तिचं नाव मात्र कागदोपत्री ‘मिसेस झ्वेमर’ एवढंच येतं.

एमी एलिझाबेथ विल्क्स हे त्यांचं माहेरचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून आलेल्या प्रशिक्षित परिचारिका. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेतर्फे त्या बगदादला निघाल्या होत्या. वाटेत बसऱ्याला सॅम्युएल झ्वेमर या अमेरिकन मिशनऱ्याची गाठ पडली आणि 1896 साली बगदादमध्ये दोघांचं लग्न झालं. इंग्रज संस्थेचा नियम असा की, नेमून दिलेली मुदत भरण्याआधी बाईने लग्न केलं तर तिच्या प्रवासाचा खर्च परत करायचा. झ्वेमरसाहेबांनी पैसे भरले. मग मित्रमंडळी आयुष्यभर चेष्टा करत राहिली की या गड्याने अगदी अरबी रीतीने मोल देऊन बायको आणली.

लग्नानंतर एमीबाई नवऱ्याबरोबर आल्या तेव्हाचं बहारीन मुंबईकराला फारसं परकं वाटलं नसतं. बाजारात चलन रुपयाचं, पत्रांवर तिकिटं हिंदुस्थान सरकारची. मुंबई-कराचीहून निघालेली ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट आखातातली बंदरं घेत इथे यायची आणि इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. रुपया तर 1965 पर्यंत चालला, मग दिनार आला.

मोत्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. त्या दिवसांत धडधाकट पुरुष होड्या घेऊन समुद्रावर, आणि घरं, पोरं, आजारपणं, बाळंतपणं सगळी बायकांवर. झ्वेमर काही पदवीधर डॉक्टर नव्हते. जुजबी वैद्यक शिकून आले होते, औषधं द्यायचे, दात उपटायचे. पण परक्या पुरुषासमोर इथल्या बाईने बुरखा वर करायचा नाही, मग तपासणार कोण? म्हणजे राजधानी मनामातला 1893 पासूनचा त्यांचा दवाखाना एमीबाई येईपर्यंत अर्ध्या गावाला बंदच होता, असं म्हणायला हरकत नाही. घराच्या आतल्या दालनापर्यंत जाता येणारी, हात लावून बघू शकणारी प्रशिक्षित बाई आली आणि बायकांचा दवाखाना खऱ्या अर्थाने सुरू झाला.

तिथे काय काय यायचं? खजुरीच्या बागांच्या पाटांवर वाढणाऱ्या डासांमुळे हिवताप. डोळ्यांची खुपरी, त्यातून येणारं अंधत्व. आणि बाळंतपणं. पूर्व अरबस्तानात बाळंतिणीच्या योनिमार्गात खडेमीठ भरून ठेवण्याची रीत होती. शरीर पूर्ववत घट्ट व्हावं, जखम चिघळू नये, हा हेतू. पण मिठाने आतली त्वचा भाजून निघायची, व्रण आकसायचे आणि पुढच्या खेपेला मूल बाहेर यायला वाटच उरायची नाही. या प्रकाराबद्दल आखातातल्या मिशनच्या डॉक्टरांनी पुढे कितीतरी वर्षं लिहिलं आहे. आपल्याकडची बाळंतिणीची शेक-शेगडी आठवून कुणी हसू नये. शहाणपण आणि घातक खुळचटपणा एकाच सुईणीच्या हातात असायचा, अरबस्तानातही आणि आपल्याकडेही. मिठाची रीत मोडायची तर ती नुसत्या औषधाने मोडत नाही, त्याला बायकांत बसून बोलणारी बाई लागते.

एमीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 1899 साली त्यांनी घरातच मुलांना घेऊन शिकवायला सुरुवात केली. मूठभर पोरं, त्यात मुली. आजची अल् राजा शाळा आपलं मूळ त्या वर्गाशी जोडते. बहारीनमध्ये सरकारी खर्चाने मुलींची पहिली शाळा निघाली ती 1928 साली, मुहर्रकला. मधली जवळजवळ तीस वर्षं हिशेबात धरली म्हणजे या घरगुती वर्गाची किंमत कळते.

पुढे दवाखान्याचं इस्पितळ करायला पैसा अमेरिकेतल्या मेसन कुटुंबाकडून आला. ‘मेसन मेमोरियल हॉस्पिटल’ 26 जानेवारी 1903 रोजी उघडलं. देशातलं हे पहिलं आधुनिक इस्पितळ, आजच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलचं मूळ. शॅरन आणि मॅरियन थॉम्स हे डॉक्टर दांपत्य त्याआधीच येऊन पोचलं होतं. साधारण त्याच काळात आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं इस्पितळ नावारूपाला येत होतं. सांगलीकरांना वानलेसवाडी माहीत असते, ती त्यांच्याच नावाची.

आणि मग 1904 चा जुलै. झ्वेमर दांपत्याच्या दोन मुलींना, सात वर्षांच्या कॅथरिनाला आणि चार वर्षांच्या रूथला, रक्ती आव झाली. आठवड्याभराच्या अंतराने दोघी गेल्या. मनामाच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं. दगडावर बायबलमधलं एक वचन कोरलं, ते देवाची स्तुती करणारं आहे. इस्पितळ उघडून पुरतं दीड वर्ष झालेलं, आई स्वतः परिचारिका. पण हाताशी होतं काय? आमांशावर एमेटिनचं इंजेक्शन सर लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्याला रूढ केलं ते 1912 साली. जिवाणूंवरची प्रतिजैविकं त्याहून तीस-चाळीस वर्षं लांब. मीठ-साखर-पाण्याचं साधं मिश्रण लाखो जीव वाचवू शकतं, हे 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दाखवून दिलं तेव्हा कुठे जगाला पटलं. जुलैतल्या बहारीनमध्ये, घामानेच अर्धं पाणी जाणाऱ्या हवेत, जुलाब लागलेलं चार वर्षांचं मूल किती तास तग धरणार? सिस्टरला हे आईपेक्षा आधी कळलं असणार.

आजच्या वाचकाच्या मनात प्रश्न येतो आणि तो यायलाच हवा. पोटच्या पोरींना अशा हवेत ठेवायचं कशाला? मुंबईतले साहेबलोक उन्हाळ्यात पोराबाळांना महाबळेश्वर-माथेरानला धाडत. आणि ही मंडळी आली होती ती धर्मप्रसारासाठी, निव्वळ सेवेसाठी नव्हे, हेही लपवण्यासारखं नाही. त्या कामात त्यांना यश जवळपास आलंच नाही. बहारीनकरांनी धर्म आपलाच ठेवला आणि औषध, अक्षरं तेवढी घेतली. माझ्या मते यात बहारीनकरांचाही शहाणपणा आहे आणि ज्यांनी तरीही दवाखाना बंद केला नाही त्यांचाही.

झ्वेमर कुटुंब 1905 मध्ये अमेरिकेला गेलं, 1910 साली पुन्हा आखातात आलं आणि त्यानंतर कैरोला. मॅरियन थॉम्स 1905 मध्ये बहारीनमध्येच वारल्या. त्यांचा मुलगा वेल्स डॉक्टर होऊन याच इस्पितळात आला आणि पुढे ओमानमध्ये तीसेक वर्षं राबला. एमीबाईंची मुलगी एलिझाबेथ नवऱ्याबरोबर चीनमधल्या मुसलमानांत काम करायला गेली. ज्या कामापायी घरात मृत्यू आला त्याचा या मुलांनी तिटकारा केला नाही. आयांच्या वागण्यात त्यांनी काय पाहिलं असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

नवराबायकोच्या नावाने मुलांसाठी लिहिलेली दोन पुस्तकं आहेत. ‘टॉप्सी टर्व्ही लँड’ 1902 चं, म्हणजे कॅथरिना पाच वर्षांची आणि रूथ दोनेक वर्षांची असतानाचं. ‘झिगझॅग जर्नीज इन द कॅमल कंट्री’ 1911 चं. सात वर्षांपूर्वी दोन मुली गमावलेली आई पुन्हा मुलांना अरबस्तानातल्या उंटांच्या गोष्टी सांगायला बसते, आणि गोष्टींत त्या भूमीबद्दल कडवटपणा नाही. 1926 मध्ये मुसलमान स्त्रियांवरचं पुस्तकही दोघांच्या नावावर आलं. एमीबाई 1937 साली वारल्या. नवऱ्यावर चरित्रं निघाली, त्यांत या आपल्या एखाद-दुसऱ्या प्रकरणापुरत्या.

त्यांच्यानंतरही हे काम सिस्टरांनीच ओढलं. इलिनॉयच्या कॉर्नेलिया डॅलेनबर्ग 1920 च्या दशकात आल्या आणि पुढची कितीतरी वर्षं आखातात राहिल्या. अरबांनी त्यांचं नाव बदलून ‘शरीफा’ ठेवलं, त्याच नावाने त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. 1959 मध्ये देशात परिचर्येचं शिक्षण सुरू झालं आणि बहारिनी मुली स्वतः या पेशात आल्या.

आखातातल्या इस्पितळांत मुंबई, मिरज, पुणे, सोलापूरहून आलेल्या मराठी सिस्टरही आहेत. पोरांना गावी आजीजवळ ठेवून त्यांनी इथे रात्रपाळ्या केल्या आहेत. मंडळांच्या स्मरणिकांत मात्र गणपतीचे आणि नाटकांचे फोटो सापडतात, यांच्या आठवणी नाहीत. तुमच्या ओळखीत अशी एखादी निवृत्त सिस्टर असेल, तर यंदाच्या फराळाला तिच्याकडे जा, तिचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि मंडळाकडे द्या. त्यावर तिचं पूर्ण नाव घाला, माहेरचंसुद्धा.