बाग खारघरला, वाडा शिरढोणला

इंग्लंडमध्ये जुनी हवेली आणि तिची बाग एकाच फेरीत पाहता येते. १८९५ साली स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट अशा कितीतरी वास्तू सांभाळतो. आपल्याकडे दोन्हींसाठी दिवसभराची सवड काढावी.

सकाळी खारघरचं सेंट्रल पार्क. सेक्टर २३ ते २५ मधलं हे उद्यान सिडकोनं उभारलं आणि २०१० मध्ये खुलं झालं. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली, तिचं एक स्थानक याच नावाचं आहे. पावसाळ्यात या, मागचे डोंगर तेव्हा हिरवेगार असतात!

ऊन चढायच्या आत पनवेलमार्गे शिरढोण गाठा. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. आद्य क्रांतिकारकाचा वाडा इतका जवळ असून खारघरच्या मुलांनी तो पाहिलेला नसावा, याचं वाईट वाटतं. त्यांना आवर्जून न्या.

वेळ उरला तर त्याच रस्त्यावर पुढे कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, १९६८ पासूनचं. किल्ल्याचा सुळका रस्त्यावरूनही दिसतो.