तिकीट विकणार नाही, गॅलरी सोडणार नाही

डिसेंबर २०२४मध्ये केरळा ब्लास्टर्स या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी एक निर्णय जाहीर केला. ‘मंजप्पडा’ ही त्यांची संघटना. मल्याळममध्ये मंज म्हणजे पिवळा आणि पडा म्हणजे सेना. क्लब २०१४मध्ये जन्मला, त्याच वर्षी ही सेनाही उभी राहिली. क्लबकडून तिकिटं घ्यायची आणि ती चाहत्यांपर्यंत पोचवायची, हे काम ती करत आली होती. ते काम तिने थांबवलं. त्याच वेळी कोचीच्या स्टेडियममधली आपली पूर्वेकडची गॅलरी मात्र सोडायची नाही, खेळाडूंसाठी पूर्वीसारखंच ओरडायचं, हेही तिने सांगून टाकलं. तिकिटाच्या खिडकीवर असहकार आणि मैदानाशी इमान, असा तो दुहेरी निश्चय होता.

निमित्त होतं बंगळुरूमधल्या ४-२ अशा पराभवाचं. सुनील छेत्रीने त्या सामन्यात तीन गोल केले. पण एका सामन्यावरून लोक एवढे चिडत नाहीत. त्या रागाची मुळं मागे शोधावी लागतात, आणि तिथे मराठी वाचकाला ओळखीच्या बऱ्याच गोष्टी भेटतात.

पहिली ओळख नावातच आहे. इंडियन सुपर लीग २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा केरळच्या संघाच्या मालकांमध्ये सचिन तेंडुलकर होता. ‘ब्लास्टर्स’ हे नाव त्याच्या ‘मास्टर ब्लास्टर’ या बिरुदावरून आलं. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या मुलाचं टोपणनाव केरळातल्या लाखो लोकांनी छातीवर मिरवलं. सचिनने २०१८मध्ये आपला वाटा विकला, नाव तेवढं राहिलं.

दुसरी ओळख पराभवांची. ब्लास्टर्स तीनदा अंतिम सामन्यात पोचले आणि तिन्ही वेळा हरले. पहिला सामना डिसेंबर २०१४मध्ये नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. तिथे भरपाई वेळेत मोहम्मद रफीकच्या एका गोलने कोलकात्याचा संघ जिंकला. दुसरा २०१६मध्ये कोचीत, पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर. समोर पुन्हा कोलकाता, आणि हार पेनल्टीवर. तिसरा २० मार्च २०२२ रोजी गोव्यात, फातोर्ड्याला, हैदराबादविरुद्ध.

या तिसऱ्या सामन्यापाशी थोडं थांबायला हवं. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला होता. अंतिम सामन्याला प्रेक्षकांना परवानगी मिळाली आणि केरळमधून रेल्वेने, बसने, मोटारसायकलींवरून माणसं निघाली. मलप्पुरम जिल्ह्यातले दोन तरुण दुचाकीवरून येताना वाटेतल्या अपघातात गेले. हैदराबादचा गणवेशही पिवळाच, आणि कागदोपत्री यजमान तेच असल्याने पिवळा रंग त्यांना मिळाला. ब्लास्टर्सचे खेळाडू काळ्या कपड्यांत उतरले. गॅलरी तरीही पिवळीच होती. के. पी. राहुलने गोल केला तेव्हा सात वर्षांचा उपास सुटेल असं वाटलं. ८८व्या मिनिटाला साहिल ताव्होराने बरोबरी साधली, आणि पेनल्टीवर लक्ष्मीकांत कट्टीमनी याने तीन फटके अडवले. दोघेही गोव्याचे. गोव्याच्या मैदानावर गोव्याच्याच दोन मुलांनी केरळचा चषक हिरावून नेला.

यात पुण्याचाही एक धागा आहे. हैदराबादचा हा क्लब २०१९मध्ये लीगमध्ये आला तो बंद पडलेल्या एफसी पुणे सिटीच्या जागी. बालेवाडीत नारंगी शर्ट घालून बसणाऱ्या पुणेकरांना एका उन्हाळ्यात आपला क्लबच उरला नसल्याचं कळलं. चाहता कितीही निष्ठावान असला तरी क्लबच्या कागदपत्रांवर त्याची सही नसते, हे त्यांनी केरळच्या आधी अनुभवलं.

तर असा हा केरळचा क्लब. २०१४च्या आठ मूळ संघांपैकी जे आजही मैदानात आहेत, त्यांपैकी फक्त ब्लास्टर्सकडे २०२४च्या त्या डिसेंबरात एकही राष्ट्रीय करंडक नव्हता. ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडनेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ड्युरँड कप जिंकून या यादीतून आपलं नाव काढून घेतलं होतं.

केरळला करंडक माहीत नाहीत, असं मुळीच नाही. संतोष ट्रॉफी केरळने सात वेळा जिंकली आहे. केरळ पोलिसांच्या संघाने १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप नेला. आय. एम. विजयन त्याच संघातून देशाला कळला. १९९७मध्ये एफसी कोचीनने मोहन बागानला हरवून ड्युरँड कप जिंकला. मलबारात भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत बांबू-सुपारीच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि ‘सेव्हन्स’चे, म्हणजे सात-सात जणांच्या संघांचे सामने रात्री दिव्यांखाली रंगतात. परदेशातले, विशेषतः आफ्रिकेतले खेळाडू तिथे येऊन खेळतात आणि गावागावांत ओळखीचे होतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठा जशा रिकाम्या होतात, तोच जोश आहे हा. अशा प्रेक्षकाला खेळ कळतो. त्याला झेंडे हलवायला बोलावता येतं, पण मैदानावर काय बिघडलंय ते त्याच्यापासून लपवता येत नाही.

या प्रेक्षकाने एका प्रशिक्षकावर जीव लावला होता. इव्हान वुकोमानोविच हा सर्बियन माणूस २०२१मध्ये आला. त्याआधीच्या चार हंगामांत ब्लास्टर्स एकदाही बाद फेरीत पोचले नव्हते. पहिल्या सात वर्षांत तर एकाही प्रशिक्षकाला सलग दोन हंगाम पुरे करायला मिळाले नव्हते. इव्हानने तिन्ही हंगामांत बाद फेरी गाठली. लोक त्याला ‘आशान’ म्हणायचे. आशान म्हणजे गुरू, आपल्या तालमीतला वस्ताद. मार्च २०२३मध्ये बंगळुरूच्या मैदानावर छेत्रीच्या वादग्रस्त फ्री किकनंतर त्याने आपला संघ मैदानाबाहेर काढला. क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला आणि त्याच्यावर १० सामन्यांची बंदी आली. खेळाच्या नियमांनी पाहिलं तर ती चूकच होती, आणि शिक्षाही योग्यच होती. पण बंदी संपवून तो कोचीत परतला तेव्हा गॅलरीने त्याचं स्वागत घरच्या माणसासारखं केलं. एप्रिल २०२४मध्ये क्लब आणि तो वेगळे झाले.

मे महिन्यात नवा प्रशिक्षक आला, मिकाएल स्टारे. स्वीडनचा, अनुभवी. २००९मध्ये स्टॉकहोमच्या एआयके संघाला त्याने तिथली लीग जिंकून दिली होती. त्याची पद्धत धावपळीची. चेंडू गेला की पुढे घुसून लगेच परत हिसकावायचा आणि मिळाला की सरळ गोलाकडे धावायचं. सुरुवातही जोरात झाली. १ ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये ब्लास्टर्सने मुंबई सिटीला ८-० असं हरवलं. वायनाडमधल्या भूस्खलनाला तेव्हा दोनच दिवस झाले होते, आणि तो विजय तिथल्या मृतांना अर्पण केला गेला. मात्र मुंबईने त्या सामन्यात राखीव खेळाडू उतरवले होते. आठ गोलांनी संघाच्या ताकदीचा अंदाज चुकवला.

ब्लास्टर्सची लीग सुरू झाली ती ओणमच्या दिवशी, घरच्या मैदानावर. पंजाबने ९५व्या मिनिटाला गोल करून सामना नेला. ऑक्टोबरअखेर बंगळुरू कोचीत येऊन ३-१ने जिंकून गेलं. ३ नोव्हेंबरला अंधेरीच्या मैदानावर मुंबईशी गाठ पडली. दोन गोलांनी मागे असताना ब्लास्टर्सने बरोबरी साधली. बरोबरीचा गोल करणाऱ्या क्वामे पेप्राने आनंदात शर्ट काढला. त्याला आधीच एक पिवळं कार्ड मिळालेलं होतं, त्यामुळे दुसरं मिळताच तो बाहेर गेला आणि दहा जणांचा संघ ४-२ने हरला. मग हैदराबादकडून घरी हार, गोव्याकडून घरी हार. शेवटचा घाव १४ डिसेंबरला कोलकात्यात बसला. मोहन बागानविरुद्ध ८५ मिनिटं होईपर्यंत ब्लास्टर्स २-१ने पुढे होते. सामना संपला तेव्हा आकडे ३-२ असे उलटले होते.

१२ सामने, ३ विजय, २ बरोबरी, ७ पराभव. केलेले गोल १९, खाल्लेले २४. बारापैकी एकाच सामन्यात, चेन्नईविरुद्ध, गोलरक्षकाला चेंडू जाळ्यातून काढावा लागला नाही. या अखेरच्या पराभवानंतर दोन-तीन दिवसांतच स्टारेला निरोप मिळाला.

इथे बहुतेक बातम्या संपल्या. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण स्टारे गेल्यावरही आंदोलन थांबलं नाही. पुढच्या घरच्या सामन्यात, २२ डिसेंबरला, सहायक प्रशिक्षक टी. जी. पुरुषोत्तमन यांच्या हाताखाली संघाने मोहम्मेडनला ३-० हरवलं. निषेधाचे फलक त्याही दिवशी दिसले. राग एका स्वीडिश माणसावर असता तर तो माणूस विमानात बसल्यावर विझला असता. लोकांचा सवाल होता की संघ कोण बांधतं, आणि कशासाठी.

आकड्यांकडे पुन्हा पाहा. संघ गोल करत होता, पण खातही होता, आणि त्यात गोलरक्षकांच्या चुका वारंवार होत होत्या. पोरसवदा गोलरक्षक होते, त्यांना दोष देणं सोपं. पण २०२१-२२च्या हंगामात लीगमधला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून गोल्डन ग्लोव्ह मिळवणारा प्रभसुखन गिल ब्लास्टर्सचाच होता. २०२३मध्ये क्लबने त्याला ईस्ट बंगालला विकलं. त्याच उन्हाळ्यात केरळचा लाडका सहल अब्दुल समद मोहन बागानकडे गेला. २०२४मध्ये मधल्या फळीचा कणा असलेला जीक्सन सिंग ईस्ट बंगालला विकला गेला. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा एकमेव गोल करणारा हाच तो जीक्सन. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि केरळचा राहुल हे त्या संघातले त्याचे सोबती. आणि २०२३-२४मध्ये १३ गोल करून लीगचा गोल्डन बूट जिंकणारा ग्रीक आघाडीवीर दिमित्रिओस दियामांताकोस करार संपल्यावर तिकडेच, ईस्ट बंगालकडे गेला. दोन उन्हाळ्यांत गोलरक्षक, मधल्या फळीतले दोघे आणि आघाडीवीर गेले. चौघेही कोलकात्याला. ज्या शहराच्या क्लबने दोन अंतिम सामने हिरावले, त्याच शहराला आपण आपली माणसं देत आहोत, ही चाहत्यांची बोच समजून घ्यायला फुटबॉल खेळलेलं असावं लागत नाही.

भारतीय लीगचा एक नियम इथे कळीचा आहे. मैदानावर एका वेळी परदेशी खेळाडू चारच. म्हणजे अकरांपैकी सात भारतीय. चांगले परदेशी खेळाडू पैसे मोजले की मिळतात. ब्लास्टर्सनेही नोआ सदाउई, हेसूस हिमेनेझ असे उत्तम खेळाडू आणले, त्यातला हिमेनेझ हंगाम तोंडावर आल्यावर आला. पण सात चांगले भारतीय घडवायला वर्षं लागतात, आणि तेच विकले तर नवा प्रशिक्षक कोणतीही पद्धत घेऊन आला तरी ती चालवणार कोण? पुढे घुसून खेळायचं तर मागे मोकळं मैदान उरतं. ते राखायला वेगवान बचाव आणि खात्रीचा गोलरक्षक हवा. स्टारेने हट्टाने आपली पद्धत चालवली, हा त्याचा दोष मी झाकणार नाही. पण ज्या भिंतीच्या विटा आधीच काढल्या होत्या, ती पडल्यावर शेवटच्या गवंड्याला पकडून चालत नाही.

प्रशिक्षक बदलणं मालकांना सर्वांत स्वस्त पडतं. एक करार संपवला, एक पत्रक काढलं की नवा चेहरा येतो आणि गॅलरीला दोन महिने आशा मिळते. ब्लास्टर्सच्या चाहत्यांनी हे इतक्या वेळा पाहिलंय की त्यांना ते पाठ झालंय. म्हणून त्यांनी तिकिटाला हात घातला. कोचीच्या भरलेल्या गॅलरीचं चित्र हे या क्लबचं आणि काही अंशी संपूर्ण लीगचं भांडवल आहे. जाहिरातदार त्या पिवळ्या रंगाकडे पाहून येतात. ते चित्र आम्ही फुकट रंगवणार नाही, एवढंच मंजप्पडा म्हणाली, आणि ते म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

२०२५च्या सुरुवातीला क्लबने चाहत्यांचं सल्लागार मंडळ नेमायचं ठरवलं. हे पाऊल चांगलंच आहे, आणि ते आंदोलनामुळे पडलं असं मी मानतो. पण सल्लागार मंडळ सल्ला देतं. खेळाडू विकायचा की ठेवायचा, हे मालकच ठरवतात. जर्मनीत १९९८पासून नियम आहे की क्लबच्या कंपनीत मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहावं. अपवाद वगळता तो आजही पाळला जातो, आणि तिथल्या गॅलऱ्या भरलेल्या असतात. भारतात असं काही उद्या होणार नाही. निदान हंगाम संपल्यावर कोणाला का विकलं आणि त्या पैशातून काय उभं केलं, याचा हिशेब क्लबने आपल्या प्रेक्षकांसमोर मांडावा. तेवढं आजही करता येईल.

पुरुषोत्तमन यांनी उरलेल्या १२ सामन्यांत १८ गुण मिळवले. स्टारेच्या १२ सामन्यांत ११ मिळाले होते. २९ गुणांसह ब्लास्टर्स आठवे आले आणि बाद फेरी हुकली. मार्चअखेर नवा प्रशिक्षक जाहीर झाला, स्पेनचा डेव्हिड कताला. त्या हंगामात कोचीच्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या दिसल्या, पण मंजप्पडाने आपली जागा सोडली नाही.