मालेगावचा नमुना मुंबईला कशासाठी जातो?

2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबई, भिवंडीपाठोपाठ आपल्या मालेगावातही गोवराची साथ आली. आपल्या घरांत याला खसरा म्हणतात. कोरोनाच्या काळात लहान मुलांचे नेहमीचे डोस चुकले होते, त्याची वसुली या साथीने केली. अंगावर पुरळ आलेल्या मुलांची नावं आशाताई घरोघर लिहून घेत होत्या, काहींच्या रक्ताचे नमुनेही घेतले जात होते. मूल तापाने फणफणतंय, औषध द्यायचं सोडून रक्त कशाला, असा आयांचा सवाल होता. तो रास्तच होता आणि त्याचं उत्तर त्यांना मिळायला हवं होतं.

ते रक्त बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेत जातं. पुरळ गोवराचं, रुबेलाचं की आणखी कशाचं, हे तिथे कळतं आणि कोणत्या मोहल्ल्यात जादा डोस द्यायचे ते ठरतं. पोलिओचंही तसंच. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर चौदा दिवसांच्या आत, एका दिवसाच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन परळच्या प्रयोगशाळेत पाठवतात. 2010 साली मालेगावात पोलिओचे रुग्ण सापडले ते याच वाटेने. जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण नाही आणि 27 मार्च 2014 रोजी तसं प्रमाणपत्रही मिळालं, अल्हम्दुलिल्लाह. या कामात मोठा खर्च आपल्याच सरकारचा होता. जोडीला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी होते. पुढे कोरोना आला तेव्हा पोलिओसाठी उभी केलेली हीच माणसं रुग्ण शोधण्याच्या कामाला लागली. महामारीची पूर्वतयारी म्हणतात ती ही.

रोगाच्या भीतीने देश एका टेबलाशी बसले, त्यात हजचाही वाटा आहे. 1865 च्या हजमध्ये कॉलरा पसरला आणि हाजींच्या जहाजांबरोबर मिसरमार्गे युरोपात पोहोचला. पुढच्याच वर्षी उस्मानी राजधानी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आज हजला निघण्यापूर्वी मेंदूज्वराची लस टोचून घ्यावी लागते, ती याच परंपरेतली.

आता पैशाचं बोलू. सप्टेंबर 2022 मध्ये जागतिक बँकेत 'पँडेमिक फंड' सुरू झाला. रोगावर पाळत, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसं या तीन गोष्टींसाठी तो गरीब व मध्यम देशांना मदत देतो. भारताने त्यात 1 कोटी डॉलर घातले, आणि 2023 मध्ये जनावरांच्या रोगांवरील पाळतीसाठी भारताला 2.5 कोटी डॉलर, म्हणजे सुमारे 200 कोटी रुपये, मंजूर झाले. जनावरांसाठी का, असं वाटेल. पण बर्ड फ्लूसारखे विषाणू कोंबड्यांतून, जनावरांतूनच माणसाकडे येतात आणि आपल्याकडे शेळ्या-कोंबड्या अंगणातच असतात.

मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करारही मंजूर केला. मात्र अमेरिकेने या संघटनेतून अंग काढून घेतलं आहे. गोवर तपासणाऱ्या सातशेहून अधिक प्रयोगशाळांचं जगभरचं जाळं एकट्या अमेरिकेच्या पैशावर चालत होतं. ते बंद पडण्याची वेळ आल्याचा इशारा संघटनेनेच मार्च 2025 मध्ये दिला. एका देशाच्या मर्जीवर एवढं मोठं काम टांगून ठेवणं आम्हाला तरी धोक्याचं वाटतं. आपल्या प्रयोगशाळांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकातच असला पाहिजे.

पैसा आला तरी दार उघडणं घरातल्यांच्याच हाती आहे. नळाला रोज पाणी नाही, गटारी तुंबलेल्या, मग लस तेवढी दारात फुकट कशी, ही शंका मालेगावात जुनी आहे. तिला अडाणीपणा म्हणून हिणवलं की माणसं आणखी दूर जातात. लस हलाल आहे का, हा प्रश्नही असाच मोकळेपणाने बोलायचा. इंडोनेशियात 2018 साली तो उठला. लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. तिथल्या उलेमा कौन्सिलने सांगितलं की, लस बनवताना डुकरापासून मिळालेला घटक वापरला जातो, पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि न घेण्यात जिवाला धोका आहे, म्हणून जरुरतीच्या नियमाने ती जायज आहे. आपल्या मुफ्तीसाहेबांनाही हा प्रश्न जरूर विचारावा, पण उत्तर येईपर्यंत साथ थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. ताप आणि पुरळ दिसताच आशाताईंना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात कळवावं, नमुना देण्यास नाही म्हणू नये आणि गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस डॉक्टरांकडून मागून घ्यावेत. कार्ड हरवलं असलं तरी केंद्रात जावं; जन्मतारीख सांगितली की नवीन कार्ड करून देतात.